कोपऱ्यावर इंजिन बंद

नलिनीताई गेल्याची बातमी मला मुग्धाकडून कळली. मुग्धा माझी मुलगी, खराडीत एका कंपनीत नोकरीला आहे. दुपारी तिचा फोन कधी येत नाही, त्यामुळे उचलतानाच मी खुर्चीतून उठलो होतो. "बाबा, नलिनीआजी गेल्या. जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत... त्यांच्या भाच्याने आधी मलाच फोन केला." ताईंच्या मोबाइलमध्ये पहिला नंबर तिचा होता. ऐंशी ओलांडलेली बाई, वरणभात खाऊन, कुणाला त्रास न देता झोपेत गेली. वाईट वाटलं, पण हळहळ वाटली नाही. काही आठवडे उलटले तरी तसंच वाटतंय. ताईंची आठवण आली की मला आधी हसूच येतं.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या. ते दिवस नव्या गाड्यांचे होते. ज्या स्कूटरसाठी माझ्या वडिलांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, ती आता शोरूममधून कर्जासकट त्याच दिवशी घरी येऊ लागली होती. सोसायटीने सायकलींचा स्टँड मोडून दुचाक्यांना जागा केली, त्या सभेत मीही हात वर केला होता. मी आणि माझी बायको वर्षा, दोघंही नोकरीला. मुग्धाला सकाळी शाळेत नलिनीताई चालत नेऊन सोडायच्या. अंतर दहा मिनिटांचं. अडचण शेवटच्या गल्लीची होती. गल्ली अरुंद, टोकाला शाळा, पुढे वाट नाही. शाळा भरताना तिथे स्कूटर आणि रिक्षा इंजिन चालू ठेवून उभ्या राहत. तेव्हाच्या स्कूटर पेट्रोलबरोबर ऑइलही जाळायच्या, तो निळसर धूर दोन्हीकडच्या भिंतींच्या मध्ये कोंडून राही. मुग्धाला लहानपणापासून दम्याचा त्रास. गेटापर्यंत पोहोचेस्तोवर तिची छाती वाजायला लागायची. डॉक्टर म्हणाले, जमलं तर शाळा बदला. आम्ही दुसरीकडे चौकशी करून आलो, तर मुग्धाने जेवण टाकलं. तिच्या सगळ्या मैत्रिणी याच शाळेत होत्या.

हे कळल्यावर नलिनीताई वर आल्या. चहाही घेतला नाही. "धूर तिथे राहणार आणि पोरगी शाळा सोडणार? हा कुठला न्याय हो?"

मी म्हणालो, "ताई, अख्खं शहर गाड्या घेतंय. आपण काय करणार?"

"अख्खं शहर असू दे शहराच्या जागी. मी एका गल्लीचं बोलतेय. कोपऱ्यावर इंजिन बंद करायचं आणि तिथून गाडी ढकलत न्यायची. हातापायांना तेवढाच व्यायाम."

लोक ऐकणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून पालकसभेत दाखवायला त्यांनी युक्ती काढली. पांढरा रुमाल शाळेच्या गेटाला आठवडाभर बांधून ठेवायचा आणि सभेत सगळ्यांसमोर धुवायचा. माझं काम हिशेब तपासण्याचं, शंका काढण्याची सवय घरीही सुटत नाही. मी म्हणालो, "त्यात नुसती धूळही असेल. धूर कशावरून? दुसरा रुमाल शाळेच्या मागच्या मैदानात बांधा, म्हणजे तुलना करता येईल." ताई म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही तुलना करा, मी धुणं करते." पण दोन्ही रुमाल त्यांनी स्वतः बांधले.

सभा शनिवारी दुपारी होती. ताई बादली घेऊन आधीच शाळेत गेल्या, मी आणि वर्षा मागून पोहोचलो. बघतो तर त्या गेटाशी कंबरेवर हात ठेवून उभ्या, आणि समोर शाळेच्या मावशी कौतुकाच्या अपेक्षेने हसतायत. कुणा मुलाचे रुमाल राहिले, असं समजून मावशींनी दोन्ही सोडून नेले होते, स्वच्छ धुतले होते, इस्त्री करून हरवल्या-सापडल्याच्या कपाटात घडी घालून ठेवले होते. शाळेची शिस्तच तशी होती. तिथे हरवलेलं खोडरबरसुद्धा परत मिळायचं.

"मावशी," ताई म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून शाळा चालते. माझी सभा मात्र बुडाली."

मला वाटलं, आता त्या विषय काढणार नाहीत. मुग्धासाठी दुसऱ्या शाळेत सोमवारी जायचं मी मनात ठरवूनही टाकलं. ताई मात्र बादली घेऊन सरळ व्यासपीठापाशी गेल्या. घडलेलं सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, रुमालांच्या इस्त्रीसकट. हॉल हसून गडगडला. हसू ओसरल्यावर मागून एक गृहस्थ म्हणाले, "बाई, पेट्रोल मी माझ्या पैशाने भरतो. गाडी ढकलायला का लावता?"

"पेट्रोल तुमचंच आहे हो," ताई म्हणाल्या. "पण धूर तुम्ही सगळ्यांना फुकट वाटता. एवढं दातृत्व कशाला?" मग त्या बायकांकडे वळल्या. "माझे रुमाल गेले. तुम्ही तोंडाला स्कार्फ गुंडाळून आलात ना गाड्यांवरून? कुणाचा तरी द्या."

कुणी हललं नाही. आपला मळका स्कार्फ चारचौघांत कोण धुवायला देणार? तेवढ्यात माझ्या शेजारून वर्षा उठली. तिने पर्समधला स्कार्फ काढला, स्वतः जाऊन बादलीत बुचकळला आणि पिळला. "काल रात्रीच धुतलाय," ती एवढंच बोलली. पाणी चहासारखं झालं. मग आणखी दोघी उठल्या. तिसऱ्या स्कार्फनंतर बादलीचा तळ दिसेना.

मी हळूच ताईंना म्हणालो, हा धूर सगळ्या रस्त्यांवरचा आहे, एकट्या गल्लीचा नाही. त्या तितक्याच हळू म्हणाल्या, "गप्प बसा. सोमवारी सांगा."

सोमवारी सांगायची वेळ आली नाही. एरवी शाळेत चालत येणाऱ्या ताई त्या सकाळी मुद्दाम आपली जुनी मोपेड घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा त्यांनीच ती ढकलली. सगळे एका दिवसात सुधारले नाहीत. काही जण कुरकुरले, एक रिक्षावाले महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. ताई कुणाला अडवत नसत, फक्त गाडीबरोबर चालत आणि "गुडघे दुखतात का हो? मग राहू दे," असं म्हणत. एवढं ऐकून घेण्यापेक्षा लोकांना ढकलणं सोपं वाटे. दिवाळीच्या सुट्टीनंतर गल्लीत इंजिनाचा आवाज क्वचितच यायचा.

मुग्धाने शाळा बदलली नाही, दहावीपर्यंत तिथेच शिकली. तिचा दमा त्यामुळे कमी झाला का, हे मी सांगू शकत नाही. वय वाढतं तसाही तो कमी होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शहराची हवा सुधारली, असं तर मुळीच म्हणणार नाही, रोज लक्ष्मी रस्त्याने जाणारा माणूस तसं म्हणूच शकत नाही. मी पाहिलं ते इतकंच, की त्या दिवाळीनंतर शाळेच्या गेटाशी तिची छाती वाजली नाही. हे मी ताईंना एकदा याच शब्दांत सांगितलं. त्या खूश झाल्या. "तुमच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं," म्हणाल्या.

तेराव्यानंतर एका सकाळी मी मुद्दाम त्या गल्लीकडे गेलो. आता तिथे मावशीही नव्या आहेत, पालकही. नलिनीताईंना ओळखणारं कुणी दिसलं नाही. कोपऱ्यावर एक तरुण बाप स्कूटर वळवून आत घेत होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पुढे उभी असलेली मुलगी पहिलीतली वगैरे. तिने हँडलवर थोपटलं. "बाबा, बंद."

"का गं? गेट तिकडे आहे."

"इथे बंदच करायची असते."

"कुणी सांगितलं?"

तिने खांदे उडवले. तिला माहीत नव्हतं. बापाने इकडेतिकडे पाहिलं. पुढे चार-पाच जण गाड्या ढकलत चालले होते. त्यानेही चावी फिरवली आणि खाली उतरला. मी भिंतीला टेकून उभा होतो. गल्लीत तेवढ्यापुरता नुसता चपलांचा आवाज येत होता.