घड्याळामागचं पत्रक

बादशहाच्या राज्यात पॅरिसमध्ये कॉफी प्यायची, तर तोंड पिण्यापुरतंच उघडायचं. भिंतींना नुसते कान नव्हते, पगारी कान होते! कुणी खबर दिली की बोलणारा तुरुंगात आणि कॉफीघराला टाळं. आमच्या सुतारांच्या वस्तीतली किती दुकानं अशी गेली! ओनोरीनबाईचं तेवढं चालू राहिलं.

बाई गल्ल्यावर बसायची, तिचा नवरा आन्सेल्म मागे कॉफी भाजायचा. एकदा आमचा गास्पार तिथे बादशहावर विनोद करून हसला आणि दुसऱ्या दिवशी उचलला गेला. बाईचं जेवणावरून मन उडालं.

"माझी कॉफी पिऊन माझीच माणसं विकतोय मेला," ती म्हणाली. "शोधल्याशिवाय राहायची नाही."

मग तिने थाप ठोकली, की बंदी घातलेलं एक पत्रक आपण लपवलंय. ज्याचा संशय, त्याला गुपचूप वेगळी जागा सांगायची. बार्नाबे न्हावी कधी बोलायचा नाही, नुसता ऐकायचा. त्याला सांगितलं, आरशामागे. मला सांगितलं, कॉफीच्या पोत्यात. हो, मलाही! नंतर कळल्यावर माझं डोकंच फिरलं.

"मादाम, माझ्यावर संशय?"

"का? तू काय देवदूत लागून गेलास?"

पत्रकाची कुजबुज आन्सेल्मच्या कानावर गेली. "अगं, ठेवलंयस तरी कुठे?" त्याने विचारलं. पत्रकच नाही हे खरं सांगावं, तर हा भोळा कुठेतरी बडबडेल, म्हणून बाईने तोंडाला आलं ते सांगितलं, "घड्याळामागे."

त्याच आठवड्यात पोलीस आले. आरशाकडे पाहिलं नाही, पोत्यांना हात लावला नाही. फौजदाराने तडक घड्याळ उतरवलं. मागे नुसती जळमटं.

बाई पांढरीफटक पडली. "आन्सेल्म, तू?"

"दुकानासाठी गं," तो पुटपुटला. "सगळ्यांच्या दुकानांना टाळं लागलं, आपल्याला का नाही? उगीच?"

"आणि गास्पारची पोरं?"

फौजदार अजून दारातच होता. बाई गल्ल्यावरून उठली आणि सगळ्यांच्या देखत ओरडली, "बादशहा चोर आहे! घे, आन्सेल्म, ही खबर दे!"

आम्ही गारठलोच. तिला नेलं, दुकान कायमचं गेलं.

सुटून आल्यावर ती नाक्यावर उभ्याने दूधकॉफी विकू लागली. आम्ही सगळे तिथेच जमायचो, बार्नाबेसुद्धा. कधीतरी आन्सेल्मही यायचा. बाई त्याला कॉफी द्यायची, पण तो लांबून दिसला रे दिसला, की आम्हाला दटावायची, "गप्प बसा रे. माझा नवरा येतोय."