कुलपात मोडलेली पिन

गावाकडच्या पोरांनो, मी इथं लांब बेळगावात कुलपाचं काम शिकतोय. आज वडगावात एका घरात आतल्या खोलीचं दार उघडाय गेलतो.

"चावीच जाईना बघ," घरातली म्हातारी म्हणाली.

कुलपात केसांच्या पिनेचा तुकडा अडकलेला. आतल्या बाजूनं कुणीतरी उघडायला बघताना मोडलेला. तो काढून दार उघडलं, तर आत म्हातारीची सून बसलेली.

म्हातारी म्हणाली, "नवं बसव रं. आतनं उघडणार न्हाय असलं."

ती पाणी आणाय गेली तशी सून हळूच म्हणाली, "दादा, हे शिकाय किती दिस लागत्यात?"

नवं कुलूप संपलंय असं म्हातारीला सांगून निघालो, पण सुनेचा आवाज कानातनं जाईना.

उद्या दुकानाचे मालक नवं कुलूप घेऊन जा म्हणत्यात. त्यापेक्षा पोलिसांना घेऊन जाऊ काय? सांगा रं.