तिसऱ्या मजल्यावरची साडी

"कुणाची साडी हाय ती? माझ्या घरात कोण घुसलंय?"

बाई रेतीच्या ढिगाऱ्यावर चढून ओरडत होत्या. लासूर स्टेशनच्या शाळेत तीस वर्षं तापवलेला गळा तो. बायपासवरचा ट्रकवाला हॉर्न द्यायचं विसरला. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी नवा फ्लॅट घेतलेला. अजून त्यात दूधसुद्धा उतू घालवलं नव्हतं, आणि गॅलरीत कुणाची तरी जांभळी साडी मजेत वाळत होती.

मी त्या इमारतीचा सुपरवायझर. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. साडी कुणाची ते मला ठाऊक होतं, आणि साइट ऑफिसात बसलेल्या मामांनाही.

मामा आमचे सेल्समन. नवं घर बघायला गेला असाल तर असा माणूस तुम्हालाही भेटला असेल. गिऱ्हाईक दारात दिसलं की सुतकातल्या आवाजात सांगायचे, "एकच राहिलाय, साहेब. लई मागणी हाय." पन्नासातले नऊ गेले होते. उरलेले एक्केचाळीस मामांच्या तोंडी वर्षभर 'एकच' होते.

शहराबाहेर तेव्हा इमारतींचं असं पीक आलं होतं, की कावळेसुद्धा टू बीएचकेखाली बोलत नव्हते. घरं पोत्यानं, गिऱ्हाईक चिमटीनं. आणि ओसाड इमारतीत पहिलं राहायला कोण येणार? म्हणून मामांनीच वस्ती केली. रोज सकाळी औरंगपुऱ्यातून स्कूटरवर ओल्या कपड्यांचं गाठोडं आणायचे, माझ्याकडून किल्ल्या घ्यायचे. दुसऱ्या मजल्यावर नातवाची दुपटी, तिसऱ्यावर साड्या, चौथ्यावर दोन शर्ट. "चौथ्यावर बिनलग्नाचा इंजिनियर राहतो," डोळा मारत सांगायचे. एका बायकोच्या धुण्यात अर्धी इमारत वसली. एका गिऱ्हाईकाला तर दुसऱ्या मजल्यावरचं बाळ रडताना ऐकू आलं!

मालकाचा शब्द होता: दहावं बुकिंग आणा, पहिल्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट तुम्हाला जुन्या भावात. मामा त्यावरच जगत होते.

आणि दहावं बुकिंग त्या क्षणी मामांसमोर बसलं होतं. वाळूजच्या कंपनीतला तरुण, शेजारी बायको, उघडं चेकबुक. पेनाचं टोपण निघालेलं.

मी मामांच्या टेबलापाशी उभा होतो. बाई आत शिरल्या त्या थेट माझ्या किल्ल्यांवर झेपावल्या. "तुझ्यापाशी किल्ल्या! माझ्या घरात भाडेकरू ठेवलास व्हय? चल पोलिसात!"

मामांनी नुसतं गप्प बसायचं होतं. माझी नोकरी गेली असती, त्यांचं घर झालं असतं. पेन हवेत थांबलेलं. मामांनी त्या पेनाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पेनाकडं. तेवढ्यात आणखी एक मजला बांधून झाला असता.

"साडी आमच्या मंडळींची हाय, बाई," मामा म्हणाले. "ह्याला बोलू नका. आमच्या खोलीत ऊन येत नाय. कपडे कुबट राहतात. इथं एक्केचाळीस गॅलऱ्या रिकाम्या, पण ऊन तुमच्याच गॅलरीत चांगलं. मोह झाला."

वर्षभर मी ते सगळं नाटकाचं सामान समजत होतो.

"एक्केचाळीस?" तरुणाच्या बायकोनं विचारलं. "मघाशी तर एकच म्हणालात."

"एक्केचाळीस," मामा म्हणाले.

टोपण पेनाला लागलं. टिक. सुतळी बॉम्ब परवडला.

बाईंचा आवाज एकदम बसला. त्या स्वतः वर गेल्या, साडी काढून आणली आणि घडी घालून मामांच्या हातात दिली. "काठ अजून ओला हाय," एवढंच बोलल्या.

संध्याकाळपर्यंत मालकानं मामांना काढलं. माझी नोकरी राहिली.

परवा गुलमंडीत कापडाच्या दुकानातून ओळखीचा आवाज आला. "एकच पीस राहिलाय, ताई. लई मागणी हाय." मागं फळीवर तसल्याच पिसांची थप्पी छताला टेकली होती. ताई पीस घेऊन गेल्या, तशी मी पुढं झालो.

"मामा, कपडे कुठं वाळवता आता?"

मामांनी समोरचं ठाण गुंडाळलं, फळीवर सरकवलं.

"अंगावर," म्हणाले.