सासऱ्यांचं सावधान

उभ्या आयुष्यात स्वतःला हुकूम दिल्याशिवाय एकही हालचाल न केलेला माणूस दाखवा म्हणाल, तर मी तुम्हाला थेट गारखेड्यात आमच्या सासऱ्यांकडे घेऊन जाईन. फुलंब्रीच्या शाळेत ते पी.टी.चे सर होते. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. चहाचा कप उजवीकडे असला तर हे आधी पुटपुटतात, ‘दाहिने मुड’, आणि मग वळतात. शिंक आली तरी दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले. आमच्या वरातीत बँड तापला, माझ्या मित्रांच्या अंगात आलं, तेव्हा खुद्द वधूपित्यानं मधे घुसून सगळ्यांना तीन-तीनच्या रांगेत उभं केलं. घोडासुद्धा कदमतालात चालला, असं लोक अजून सांगतात.

सासूबाईंनी या शिस्तीपायी फार सोसलं. लग्नानंतर हौसेनं दौलताबादचा किल्ला बघायला गेल्या, तर हे ताठ हात हलवत तरातरा पुढं. त्या पायथ्याशीच बसल्या, शेंगा खाल्ल्या आणि हे वरून उतरल्यावर म्हणाल्या, "अहो, एकदा तरी हात मोकळे सोडून माझ्यासंगं चाला की!" ते त्यांना कधीच जमलं नाही. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. सगळं घर रडत होतं आणि हे दाराशी सावधान उभे. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! धीर कसला, त्यांना रडताच येत नव्हतं.

म्हणून माझ्या बायकोनं त्यांना घराजवळच्या देहभानाच्या वर्गात घातलं. तिथल्या बाई सगळ्यांना डोळे मिटायला लावतात आणि सांगतात, आता तुम्ही काही करू नका, अंगाला जे हवं ते अंगच करील. मंडळी डुलायची, लोळायची, कुणी तान्ह्या बाळासारखे पाय झाडायचे. पहिल्याच दिवशी यांनी हळूच एक डोळा उघडला, तो पसारा पाहिला आणि न राहवून ओरडले, "लाइन सीधी!" तरी जायचे मात्र नेमानं. घरी येऊन पलंगावर बसायचे आणि हताश होऊन म्हणायचे, "जावईबापू, लई अवघड हाय हे. अंगाला विचारतो, बाबा, तुला काय पायजे? ते म्हणतं, सर, तुम्ही सांगाल तसं." आम्ही हसायचो. त्यांना हसू येत नसे. "तिला एवढंच पायजे होतं हो," ते सासूबाईंच्या फोटोकडे बघून म्हणायचे. "आन् आता बी जमंना."

मग एक दिवस पेढ्यांचा पुडा घेऊनच आले. "हलला! मी काही सांगितलं नव्हतं, आपोआप हलला!" वर्गात आडवे पडलेले असताना त्यांचा उजवा हात आपला आपण हलू लागला होता आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी पेढा घेतला आणि पाहिलं, तर त्यांच्या हातातला पुडा अजूनही थरथरत होता. बायकोनंही पाहिलं. तिनं लगेच डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हळूहळू अंग आखडत जाईल, गोळ्यांनी ते थोडं लांबेल, इतकंच. सासऱ्यांनी सगळं ताठ बसून ऐकलं. परतताना रिक्षात म्हणाले, "म्हंजी हात मोकळा झालाच नव्हता?" जन्मभर अंग आवळून धरलेल्या माणसाला पुन्हा आवळणाराच आजार व्हावा, याचा मला फार राग आला. अजून येतो.

वर्गाला ते अजून जातात. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. हात थरथरत असतो. परवा बायकोनं तो मायेनं आपल्या दोन्ही हातांत धरला.

"सोड," ते म्हणाले. "आखडंल तवा आखडंल. तोवर हलू दे. तुझ्या आईनं लई वाट बघितली याची."

त्यांचे डोळे वाहत होते, आणि दुसऱ्या हाताला पुसायचा हुकूम काही त्यांनी दिला नाही.