कोटवालीचा पासवर्ड

आमच्या हिला गल्लीत सगळे कोटवाली म्हणतात आणि मी कोटवालीचा नवरा. मी लिफ्ट दुरुस्त करतो हे कुणाला आठवतही नाही. लग्नाआधी ही एका कारखान्यात काजं-बटणं करायची. तिथला मास्तर बायकांना कात्रीला हात लावू देत नसे, म्हणून घरी येऊन रद्दी कापत बसायची. तसं कापता कापता तिनं पुरुषांच्या कोटाची स्वतःची बेतणी बसवली. पोटाखालची शिवण अशी काही वळवलीय, की ढेरपोट्या असो की काटकुळा, कोट अंगचाच वाटतो. तिला आयुष्यात एकच हवं होतं : चौकातल्या मोठ्या दुकानाच्या काचेत आपला कोट लागावा आणि आत आपल्या नावाची पट्टी असावी. दुकानाचा मालक म्हणालाही होता, एक तयार करून आणा, बघू.

आता माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. हिनंच त्याला वाढवला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो, चौकातल्या त्या दुकानातलेही. त्यानंच एक जुना कॉम्प्युटर आणून त्यावर लिनक्स टाकलं, कपड्याचे साचे काढायचा फुकटातला प्रोग्राम बसवला आणि वहिनीला शेजारी बसून शिकवलं. मनापासून शिकवलं, खोटं कशाला बोलू? हिचे हात कायम खडूनं भरलेले, त्यात पासवर्ड विसरायची, वैतागायची. मग त्यानं कॉम्प्युटर पासवर्डशिवाय आपोआप उघडेल असं करून दिलं. बटण दाबलं की सगळं समोर हजर.

त्यावर तिनं पहिला कोट काढला तो माझ्या मापाचा. वर्षानुवर्षं हत्याराची पेटी वाहून माझा डावा खांदा उतरलाय, म्हणून साच्यातही तो उतरता घेतला. घरकामातून शिवायला दोन-तीन महिने गेले. झाला तसा कोट घेऊन आम्ही दोघं चौकातल्या दुकानात गेलो.

काचेत तिच्याच बेतणीचे कोट लागले होते. करडे, निळे, काळे. मला वाटलं, ही कापड बघतेय. ती आत गेली, एका कोटाच्या डाव्या खांद्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. सगळे उतरलेले. माझा खांदा त्या दुकानात ओळीनं टांगला होता हो! मालक कौतुकानं सांगायला लागला, की आमचा कॉम्प्युटरवाला मुलगा फार हुशार, हे त्यानं स्वतः काढलंय, त्याला कायमचा ठेवून घेतलाय. फक्त खांद्याची तक्रार येते, तेवढं कळत नाहीये.

माझं डोकं सणकलं. माझा सख्खा भाऊ! केसानं गळा कापला त्यानं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिनं माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं. कोट तिनं मालकाला दाखवलाच नाही. घरी येऊन कपाटात ठेवला आणि माझ्याशीही धड बोलेना.

रविवारी तिनं त्याला बोलावून घेतलं, कॉम्प्युटरचं काम आहे म्हणून. आला नेहमीसारखा हसत. ते आपोआप उघडतं ना, ते बंद कर, ती म्हणाली. तो बसला. सेटिंगमध्ये युजर्स उघडलं, अनलॉक केलं, जुना पासवर्ड न विचारता टाकला आणि ऑटोमॅटिक लॉगिनचं बटण बंद केलं. आज अचानक काय झालं, त्यानं विचारलं.

"तुमच्या मालकांना सांग, डावा खांदा वर घ्यायला हवा," ती म्हणाली. "तो तुझ्या दादाचा आहे. बाकी माणसांचे खांदे सरळ असतात."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मग सुरू झालं. सांगणारच होतो, नोकरी पक्की होऊ दे म्हटलं, नंतर तुझंच नाव लावणार होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पासवर्ड कुठं बदलायचा ते दाखव म्हणाली. त्यानं दाखवलं आणि खुर्ची सोडली. ती बसली. तो मागेच उभा राहिला.

"वहिनी, मी काय चोर आहे का गं?"

"चोर असतास तर दाराला कुलूप घातलं असतं. तुझ्यासाठी तर मी जेवण झाकून ठेवून जात होते." तिनं भिंतीकडे बोट केलं. "तोंड तिकडे कर."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मला बरं वाटलं, अगदी बरं वाटलं. म्हटलं, राहा आता तसाच उभा. तिनं हात कीबोर्डवर नेले आणि थांबली. माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीसुद्धा," ती म्हणाली.

मी वळलो. मग आम्ही दोघं भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो आणि मागे तिचं एकेक अक्षर दाबणं ऐकत राहिलो.