बसायला शिकवणाऱ्या बाई

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. दोन कॉलेजांनी पियानो शिकायला बोलावलं, आणि आधीच एका जागी न बसणाऱ्या त्या पोरीची झोपच उडाली.

मोठ्या कॉलेजातले सर नावाजलेले. तिचं वादन ऐकून म्हणाले, "वा! पहिल्याच वर्षी तुझा कार्यक्रम करू." भिंगरीचे पाय जमिनीला लागेनात. पण जिन्यात एका विद्यार्थिनीने सांगितलं, "सर क्वचितच शिकवतात. एरवी त्यांचे सहायक." शिवाय प्रत्येक खोलीतून येणारं वादन एकाच साच्यातलं, हुबेहूब सरांसारखं.

दुसऱ्या, लहानशा कॉलेजातल्या बाईंनी तिला अर्ध्यातच थांबवलं. "मनगट कधीपासून दुखतंय?"

हे तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. "नाही दुखत."

"खांदा वर चढतोय, अंगठा चोरतेयस. माझ्याकडे यायचं तर पहिलं वर्ष कार्यक्रम विसरायचे. नीट बसण्यापासून सुरुवात."

ती तणतणत घरी आली. "लहानपणापासून वाजवतेय, आणि ही बाई मला बसायला शिकवणार!"

आई बस चालवायची. नुकतीच कामावरून येऊन बूट काढत होती. "पण दुखतंय का?"

भिंगरीने हात पाठीमागे नेला.

"मग बाईंचं काय चुकलं?"

"आणि मी मागे पडले तर?"

"ते मला कसं कळणार, बाळा?"

पुढचे काही दिवस तिच्या मनात सकाळी सर, संध्याकाळी बाई, असं चाललं. शेवटी न राहवून ती पुन्हा बाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत दोन विद्यार्थी आळीपाळीने एकच रचना वाजवत होते, पण एकाचं दुसऱ्यासारखं नव्हतं. एक जण अडखळला, तशा बाई खळखळून हसल्या, तोही हसला.

भिंगरी आत गेली. "दुखतंय. थंडीपासून."

"बस," बाई म्हणाल्या.

ते वर्ष काढताना तिच्या नाकी नऊ आले. सरांच्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांचे फलक रस्त्यावर दिसले की तिचा जळफळाट व्हायचा. बाईंशी भांडून एकदा तर ती तडक निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परतली.

मनगटाचं दुखणं थांबलं. दुसऱ्या वर्षी ती लोकांसमोर बसली. एका ठिकाणी बोटं घसरली, पण ती थांबली नाही. रचनेचा पहिला भाग संपला आणि सगळे शांत असताना, जिथे टाळ्या वाजवायच्या नसतात नेमक्या तिथे, आईने एकटीनेच कडकडून टाळ्या वाजवल्या.