गार हाताची मावशी

"झाली मोकळी. आता जेवा, डॉक्टर!"

माझ्या टेबलावर मांजरीचं पोट दाबून झालं की मावशी हे म्हणायची. रोज, दुपारी दीडला. मी जनावरांचा दवाखाना बंद करून डबा उघडणार, एवढ्यात बर्फाच्या पाण्याने ठिबकणारी तिची टोपली दारात. वैताग यायचा, खोटं कशाला सांगू? तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याला नाही म्हणायचं आपण रोज ठरवतो.

मावशी खांदा कॉलनीच्या बाजारात मासे विकायची. तिथेच सापडलेल्या पिल्लाला शेपटी नव्हती. कुणी तोडली म्हणून ती आधी अख्ख्या बाजाराशी भांडली, मग माझ्याकडे आली. मी पाठीवरून बोट फिरवून दाखवलं. कण्याचं शेवटचं टोक जन्मतःच बनलं नव्हतं, तिथल्या नसा अधू. लघवीची पिशवी भरायची, पण आपसूक रिकामी व्हायची नाही.

"दिवसातून तीनदा हाताने दाबावी लागेल, मावशी. जन्मभर. कोण करणार? त्यापेक्षा इंजेक्शन देतो, झोपेत जाईल."

"मी हाय ना. मेली का मी?"

दोन दिवसांत शिकली. माशाचं पोट चाचपून सरावलेला अंगठा तो, माझ्यापेक्षा हलका. सकाळ-संध्याकाळ घरी करायची, दुपारी मात्र माझ्याकडे. का, तर "बाजारात हिला लाज वाटते!"

अशी सहा वर्षं गेली.

मग एका दुपारी टोपलीत मांजर घेऊन तिची सून आली. "आई काल गेली, डॉक्टर. बसल्या जागी. मांजर कोनाला हात लावून देत नाय. कालपासून तुंबलीय."

पोट दगडासारखं झालं होतं. मी दाबायला गेलो तर मांजर ताठरली, चावली. पुन्हा तेच. "सोडवा तिला," सून रडत म्हणाली. मी थकलो होतो. सुई भरायला घेतली आणि, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात टोपलीकडे लक्ष गेलं. कोरडी होती. मावशीचे हात कायम बर्फातले.

सुई ठेवली. लसींच्या फ्रिजमधला बर्फ काढून बधिर होईपर्यंत हातात धरला आणि तोच हात पोटावर ठेवला. मांजर थबकली, मग सैल पडली. टेबल भिजलं.

"संध्याकाळी असेच हात गार करून तुम्ही करा," मी सुनेला म्हणालो. तिने मान डोलावली, टोपली उचलली, गेली.

दोन वाजले होते. डबा समोर होता. कुणीतरी 'आता जेवा' म्हणेल म्हणून मी नुसताच बसून राहिलो.